न घातलेलं जुनं अमेरिकन घड्याळ: साल कसं काढायचं, किंमत कशी ठरवायची

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मागच्या वर्षी एका इस्टेट सेलमधून बुलोव्हा कंपनीचं घड्याळ उचललं. इस्टेट सेल म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की वारसदार भांड्याकुंड्यांपासून पलंगापर्यंत सगळं सामान जागच्या जागी विकायला काढतात, तो प्रकार. घड्याळ डबीत होतं. चामड्याच्या पट्ट्याला घडी नव्हती, चावीला दोऱ्याने अडकवलेला किमतीचा टॅग तसाच होता, सोबत एक घडीचं पत्रक. त्याने मला व्हॉट्सॲपवर सहा फोटो पाठवले आणि विचारलं, "कधीचं आहे, आणि कितीला जाईल? कुणी घातलंच नाहीये रे हे."

मी म्हटलं, शेवटचं वाक्य आधी बाजूला ठेव. "घातलं नाही" हा विकणाऱ्याचा दावा असतो. तो खरा आहे का, हे तपासायचं काम आपलं. नव्याने या छंदात पडलेली मंडळी नेमकी इथेच फसतात, कारण "न्यू ओल्ड स्टॉक" (जुना, पण न वापरलेला माल) हे तीन शब्द दिसले की हात खिशाकडे जातो. त्याच्या घड्याळाबरोबर मी जे केलं तेच इथे क्रमाने सांगतो.

आधी काय करायचं नाही

चावी द्यायची नाही. पुसायचं नाही. ब्रासो किंवा टूथपेस्ट लावून चमकवायचं तर अजिबात नाही. मागे कागदी स्टिकर असेल तर तो नखाने उचकटायचा नाही, टॅगचा दोरा सोडायचा नाही. न घातलेल्या घड्याळाची निम्मी किंमत या फालतू वाटणाऱ्या गोष्टींत असते, आणि एकदा काढलेला स्टिकर परत लागत नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या आतल्या बाजूचेसुद्धा.

मग काट्यांकडे आणि आकड्यांकडे बघा. त्यांवर पिवळट-तपकिरी, खडबडीत लेप असेल तर ते बहुधा रेडियम आहे, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या घड्याळांत ते सर्रास वापरलं जायचं. आता चमकत नाही म्हणजे संपलं, असं नाही. चमकणारं रसायन मरतं, रेडियम तसंच राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. न्यू जर्सीतल्याच ऑरेंज गावच्या कारखान्यात १९२० च्या आसपास मुली ब्रशला ओठाने टोक काढून हे रेडियम डायलवर लावायच्या आणि त्यातल्या कित्येक जणी त्यानेच गेल्या. काच बंद आहे तोवर कपाटातल्या एका घड्याळाची धास्ती घ्यायचं कारण नाही. खरी भीती त्या लेपाच्या भुकटीची, ती श्वासातून किंवा तोंडातून आत जाण्याची. म्हणून असं घड्याळ घरी उघडायचं नाही आणि लेप खरवडायचा नाही. डायलच्या तळाशी "स्विस" शब्दाच्या दोन्ही बाजूंना "टी" हे अक्षर असेल तर तो लेप ट्रिटियमचा (रेडियमच्या जागी आलेलं द्रव्य), म्हणजे घड्याळ १९६० नंतरचं.

अमेरिकन म्हणजे कितपत अमेरिकन?

हा प्रश्न उगाच नाही, साल शोधायची वाट त्यावरच ठरते. पेनसिल्व्हेनियातल्या लँकॅस्टरची हॅमिल्टन (स्थापना १८९२), इलिनॉयमधली एल्जिन, मॅसॅच्युसेट्समधली वॉल्थॅम या कंपन्या मशीनसकट घड्याळ अमेरिकेत बनवायच्या. वॉल्थॅमचं घड्याळांचं काम १९५७ मध्ये थांबलं, एल्जिनचं अमेरिकेतलं उत्पादन १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि हॅमिल्टनने लँकॅस्टरमध्ये मशीन बनवणं १९६९ मध्ये बंद केलं. त्यामुळे "१९७५ चं अस्सल लँकॅस्टर हॅमिल्टन" कुणी दाखवलं तर हसून पुढे जा.

ग्रुएन, बेनरस यांचं दुकान अमेरिकेत, पण मशीन स्वित्झर्लंडचं. बुलोव्हा मधली: १८७५ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली कंपनी, कारखाने दोन्हीकडे. मशीनवर "स्विस" दिसलं म्हणून घड्याळ नकली ठरत नाही. उलट त्या स्विस मशीनवर बऱ्याचदा "सतरा ज्वेल, अनॲडजस्टेड" असं कोरलेलं असतं (ज्वेल म्हणजे मशीनमधले घर्षण कमी करणारे खडे, अनॲडजस्टेड म्हणजे कसोट्यांना लावून न जुळवलेलं), आणि नवख्याला वाटतं माल हलका आहे. तसं नाही. १९३० च्या अमेरिकन आयात कायद्यात सतरापेक्षा जास्त ज्वेलच्या परदेशी मशीनवर जबर कर होता, आणि मशीन जितक्या कसोट्यांना लावून जुळवलेलं असेल तितका करही वाढायचा. म्हणून कंपन्या कागदोपत्री साधंच मशीन आणत. ते अक्षर कर वाचवण्यासाठी आहे, दर्जा सांगण्यासाठी नाही.

साल काढणं

घड्याळाला एक जन्मतारीख नसते. केसची, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाची वेगळी, मशीनची वेगळी, डायलची वेगळी, डबी-कागदांची वेगळी. प्रत्येकाला स्वतंत्र विचारायचं आणि जबान्या जुळतात का ते बघायचं.

बुलोव्हाचं सोपं आहे. १९५० पासून त्यांनी एक अक्षर आणि एक आकडा अशी खूण मारली. एल म्हणजे १९५० चं दशक, एम म्हणजे १९६० चं, एन म्हणजे १९७० चं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष. एल ७ म्हणजे १९५७, एन १ म्हणजे १९७१. ही खूण मागच्या झाकणावर सीरियल नंबरच्या जवळ असते आणि मशीनवरही असते. १९४० च्या दशकाच्या शेवटी नुसते ४८, ४९ असे आकडे मारलेले दिसतात. त्याआधी चांदणी, त्रिकोण, चंद्रकोर अशी चिन्हं होती. त्यांचे तक्ते संग्राहकांनी बनवून ठेवलेत, पण झिजलेल्या मशीनवर त्रिकोण आहे की बाण, यावर लोक तासन्‌तास भांडतात.

मित्राच्या घड्याळाच्या पाठीवर एम २ होतं. घड्याळजीकडून झाकण उघडवलं तेव्हा मशीनवर एम १. मित्राचा चेहरा पडला, "म्हणजे जोडलेलं आहे?" नाही. मशीन १९६१ मध्ये बनून पडून राहिलं आणि १९६२ च्या केसमध्ये बसलं, इतकाच त्याचा अर्थ. एखाद्या वर्षाचा फरक रोजचा. केस १९६२ ची आणि मशीन १९५३ चं असतं तर मात्र मी तिथेच थांबलो असतो.

टायमेक्सचं तर आणखी सोपं. १९६० च्या दशकापासून त्यांच्या डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, बारीक आकडे छापलेले असतात आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे साल. भिंग मात्र चांगलं हवं. हॅमिल्टन आणि एल्जिनसाठी मशीनवरचा सीरियल नंबर घेऊन छापील तक्त्यांशी ताडून बघावा लागतो. केसवरचा नंबर वेगळा असतो, त्याचा इथे उपयोग नाही. ही चूक मी स्वतः पहिल्या हॅमिल्टनला केली आणि १९३८ चं घड्याळ आठवडाभर १९१४ चं समजून मिरवलं.

झाकण उघडायला मात्र भाजी चिरायची सुरी घेऊ नका. काही घड्याळांचं झाकण दाबाचं, काहींचं आट्यांचं, आणि काहींना मागे फटच नसते. ती पुढून, काच काढून उघडतात. फट सापडत नाही म्हणून जोर लावला की न घातलेल्या घड्याळावर पहिला ओरखडा तुमच्या हातचा.

आता कागद. मला सगळ्यात जास्त मजा इथे येते, आणि बरेच जण इथे बघतच नाहीत.

टॅगवर किमतीपुढे "फेडरल टॅक्स इन्क्लूडेड" किंवा त्याचं छोटं रूप असेल, तर तो टॅग १९४१ ते १९६५ यांमधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दागिने आणि घड्याळांच्या विक्रीवर बसवलेला हा केंद्रीय कर १९६५ मध्ये उठला. त्यानंतर दुकानदाराला ते छापायचं कारणच उरलं नाही.

पत्रकावरचा कंपनीचा पत्ता बघा. आपल्याकडे जुन्या लग्नपत्रिकांवर "दादर, मुंबई २८" किंवा "सदाशिव पेठ, पुणे ३०" असायचं, आणि १९७२ ला पिनकोड आल्यावर त्याचं ४०००२८ आणि ४११०३० झालं. अमेरिकेत अगदी हेच घडलं, फक्त नऊ वर्षं आधी. १९४३ पासून मोठ्या शहरांत "न्यूयॉर्क २०, एन. वाय." असा विभाग क्रमांक लिहीत, १ जुलै १९६३ ला पाच आकडी झिप कोड आला. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडे असतील तर कागद त्याआधीच्या पद्धतीचा, पाच आकडे असतील तर नक्की १९६३ च्या मध्यानंतरचा. जुनी छापील पत्रकं संपेपर्यंत दुकानात चालत, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे जुना पत्ता घड्याळ जुनंच आहे असं सिद्ध करत नाही, पण नवा पत्ता खालची मर्यादा पक्की करतो.

केसवर "वॉटरप्रूफ" कोरलेलं असेल तर तेही कामाचं. अमेरिकन सरकारने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द घड्याळांवर नको म्हटल्यावर "वॉटर रेझिस्टंट" आलं.

मित्राच्या टॅगवर कर होता, पण पत्रकावर पाच आकडी झिप. म्हणजे घड्याळ १९६२ चं, टॅग १९६५ च्या आधीचा, पत्रक १९६३ च्या मध्यानंतरचं. दोन शक्यता. एक, घड्याळ दुकानात दोनेक वर्षं पडून राहिलं आणि १९६३ च्या शेवटी किंवा १९६४ मध्ये विकलं गेलं, तेव्हा हाताला लागलेलं पत्रक दुकानदाराने डबीत घातलं. दोन, पत्रक दुसऱ्याच घड्याळाचं. पहिली मला जास्त पटते, पण सिद्ध करता येत नाही. म्हणून वर्णनात लिहायचं: "घड्याळ १९६२, सोबतचं पत्रक थोडं नंतरचं." लपवलं तर जाणकार गिऱ्हाईक ते पाच मिनिटांत काढतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

खरंच घातलेलं नाही का?

भिंग दहा पटीचं घ्या. पट्टा जिथे अडकतो त्या चार टोकांच्या आतून बघा: पट्टा बदलताना स्प्रिंगबारची (पट्टा धरून ठेवणाऱ्या बारीक दांडीची) टोकं घासून बारीक रेघा उठतात. पट्ट्याच्या भोकांपैकी एखादं लांबट झालंय का, बक्कलच्या जिभेचा ठसा आहे का. मागच्या झाकणावर केसासारखे बारीक ओरखडे, काच आणि केसच्या फटीत काळपट मळ, चावीच्या दातेरी कडेवरचा मुलामा उडून पितळ दिसणं. या खुणा घामाच्या आणि मनगटाच्या आहेत, काळाच्या नाहीत.

आतून बघायची एक जागा सगळ्यांत भरवशाची. घड्याळजी लोकांना सवय असते, दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख किंवा स्वतःचा नंबर कोरायची. असा एक जरी बारीक नंबर दिसला तरी घड्याळ कुणाच्या तरी टेबलावर जाऊन आलंय. स्क्रूच्या खाचांच्या कडा कुरतडलेल्या असतील तरीही तेच.

मग डायल. डायल नवीकोरी असणं ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. जुन्या अमेरिकेत सोनारांकडे घड्याळ सर्व्हिसिंगला गेलं की डायल नवी रंगवून देणं ही नेहमीची सेवा होती, आणि आपल्याकडेही ती कला जोरात आहे. इतकी, की जगभरचे संग्राहक भडक रंगाच्या, पुन्हा छापलेल्या डायलच्या घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या शहराचं नाव अशा कारणाने प्रसिद्ध व्हावं याचं वाईट वाटतं, पण चोर बाजारात गेलात तर नाव का पडलं ते कळतं. रीडायल, म्हणजे अशी पुन्हा रंगवलेली डायल, ओळखायला अक्षरांच्या कडा बघा. कारखान्याची छपाई धारदार आणि सरळ असते. रीडायलमध्ये कंपनीचं नाव जाडसर, मिनिटांच्या रेघा कडेला नीट न जुळणाऱ्या, तळाशी असायला हवं ते "स्विस" गायब. डायलच्या कडेला छोटी खाच असेल तर तीही रंगाऱ्याने जागा धरण्यासाठी पाडलेली असू शकते.

आणि उलट बाजू: मूळ डायलवर बारीक ठिपके, एका बाजूने उन्हाने विटलेला रंग. शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उभं राहिलेलं घड्याळ असंच दिसतं. ते पुसायला जाऊ नका. ओलसर कापसाबरोबर "बुलोव्हा" हे नावच निघून येतं.

सोनं किती?

सोनाराकडे नेण्याआधी हा हिशेब करा, मनस्ताप वाचेल. झाकणाच्या आत "१४के" एवढंच असेल तर भरीव सोनं, १४/२४ म्हणजे ५८ टक्के शुद्ध. "१४के गोल्ड फिल्ड" असेल तर वरून नुसता सोन्याचा पत्रा, ढोबळमानाने वजनाच्या एक विसांश धरा. १० ग्रॅमच्या केसमध्ये अर्धा ग्रॅम १४ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ०.२९ ग्रॅम. "१०के आरजीपी" म्हणजे रोल्ड गोल्ड प्लेट, त्याहून पातळ. एक चाळिसांश धरलं तर १० ग्रॅममागे ०.१ ग्रॅमच्या आसपास. तेही बऱ्याचदा फक्त पुढच्या भागावर, मागचं झाकण स्टीलचं. मित्राचं घड्याळ या शेवटच्या जातीचं. सोनं म्हणून त्याची किंमत शून्य धरा.

चालवून बघायचं का?

साठ वर्षं न हललेल्या मशीनमधलं तेल गोंदासारखं झालेलं असतं. "जास्त चावी दिल्यामुळे अडकलं" असं विकणारे सांगतात, पण पूर्ण चावी भरलेली असताना घड्याळ थांबलेलं असतं ते सुकलेल्या तेलामुळे. दोन-तीन फेरे देऊन बॅलन्स (आतलं मागेपुढे झुलणारं चाक) हलतो का एवढं बघा, हलला तर तिथेच थांबा. कोरड्या मशीनला दिवसभर पळवलं तर न घातलेलं घड्याळ कपाटातच झिजतं. न चालवलेलं मशीन विकताना "चालू आहे" म्हणू नका. "चावी दिल्यावर हललं, सर्व्हिसिंग बाकी" असं म्हणा.

ॲक्युट्रॉन असेल तर गोष्ट वेगळी. १९६० मध्ये आलेल्या या बुलोव्हात बॅलन्सऐवजी सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा ट्यूनिंग फोर्क असतो, आणि कानाशी धरलं तर टिकटिकीऐवजी गुणगुण ऐकू येते. त्यात सर्वांत आधी सेल आत सडलाय का ते बघा. मूळ १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत आणि १.५५ व्होल्टचा साधा सेल घातला तर काही मशीन वेडंवाकडं धावतं. ज्याचं मशीन डायलशिवाय उघडं दिसतं त्या स्पेसव्ह्यू मॉडेलची किंमत जास्त, म्हणून साध्या ॲक्युट्रॉनची डायल काढून बनवलेले स्पेसव्ह्यू बाजारात भरपूर आहेत.

किंमत

ऑनलाइन दिसणारी मागणीची किंमत ही माहिती नाही, ती इच्छा आहे. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर "विकलेल्या वस्तू" हा पर्याय लावा आणि फक्त त्याच आकड्यांकडे बघा. तेच मॉडेल, तीच केस, शक्यतो तीच डायल. पाच-सहा सापडले की सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला काढा. वरच्यात बहुतेक वेळा दोन हट्टी माणसं एकमेकांशी लढलेली असतात, खालच्याचे फोटो वाईट असतात. उरलेल्यांचा मधला आकडा म्हणजे घातलेल्या, चांगल्या घड्याळाचा भाव.

त्यावर न घातलेल्याचा अधिभार. तो ठरावीक नसतो. डबी, टॅग, पत्रक, मूळ पट्टा, मूळ बक्कल असा पूर्ण संच असेल तर चांगला मिळतो. नुसतं "बघा, ओरखडा नाही" यावर थोडाच. मग वजाबाकी: सर्व्हिसिंगचा खर्च, विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन, भारतात मागवत असाल तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी. ड्युटीचा आकडा मागवण्याआधी विचारून घ्या. घड्याळ स्वस्त पडलं आणि दारात पोचेपर्यंत महाग झालं, हे नवख्यांचं हमखास दुःख.

आकाराचा फटका वेगळा. त्या काळातलं पुरुषांचं घड्याळ ३० ते ३४ मिलिमीटर. आजच्या मनगटांना ते बायकी वाटतं. बायकांची इवलीशी चावीची घड्याळं तर डबीबंद, टॅगसकट असली तरी फारसं कुणी विचारत नाही. अतिशय सुंदर असतात, म्हणून मला त्याचा राग येतो, पण बाजार हा असा आहे.

मॉडेलचं नाव मात्र सगळं उलटं करू शकतं. हॅमिल्टनचं १९५७ चं व्हेंचुरा घ्या: बॅटरीवर चालणाऱ्या पहिल्या मनगटी घड्याळांतलं, त्रिकोणी-तिरपं. न घातलेलं सापडलं तर वरचा सगळा हिशेब सोडून थेट लिलावगृहाशी बोला.

शेवटी दोन आकडे लिहून ठेवा: महिन्याभरात विकायचं असेल तर एक, योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायची तयारी असेल तर दुसरा. मी मित्राला दोन्ही दिले, पत्रकाच्या भानगडीसकट वर्णनही लिहून दिलं. त्याने वाचलं, हो म्हणाला, आणि पुढच्या शनिवारी फोटो पाठवला: सर्व्हिसिंग करून, मूळ पट्टा डबीत ठेवून, नवा तपकिरी पट्टा लावलेलं बुलोव्हा त्याच्या मनगटावर. आता ते घातलेलं घड्याळ आहे, त्यामुळे अधिभाराचा परिच्छेद त्याच्यापुरता खोडून टाकावा लागला.